पाचशे डॉलर आणि चव्वेचाळीस वर्षे

जुने दप्तर पाहण्यासाठी एखाद्या ग्रंथालयात किंवा अभिलेखागारात गेले, की आधी एक अर्ज भरावा लागतो. नाव, पत्ता, संशोधनाचा विषय इथपर्यंत माझे पेन अडत नाही. त्यापुढचा रकाना असतो 'संस्था'. गेली पंचवीस वर्षे मी तिथे एक आडवी रेघ मारत आलो आहे. बहुतेक ठिकाणी ती चालून जाते. एकदा मात्र काउंटरपलीकडच्या गृहस्थांनी ती रेघ पाहिली, अर्ज माझ्याकडे परत सरकवला आणि म्हणाले, "गाइडचं पत्र घेऊन या." मला गाइड नाही. माझे रीतसर शिक्षण पदवीपाशी थांबले. पुढचे जे काही आहे ते नोकरी सांभाळून, रात्री आणि रविवारी, हाती लागेल ते वाचून झालेले आहे. त्या गृहस्थांचेही काही चुकले नव्हते. त्यांच्यापुढे नियम होता. पण परतीच्या एसटीत एक प्रश्न डोक्यात शिरला, तो मग निघालाच नाही.

प्रश्न साधा होता. कापड विणणाऱ्याला, हिशेब लिहिणाऱ्याला पैसे मिळतात हे समजते. पण एखाद्या तरुण माणसाने चार-दोन वर्षे बसून 'ज्ञान म्हणजे काय' याचा विचार करावा, त्या काळात त्याच्या पोटापाण्याची सोय कोणीतरी करावी आणि शेवटी त्या विचाराबद्दल त्याला पदवीही मिळावी, ही व्यवस्था कोणाला सुचली? ते पैसे आले कुठून? आणि ज्यांना त्या रांगेत नीट उभे राहू दिले नाही, त्यांचे काय झाले? याचा माग काढत मी पोहोचलो तो अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात. अर्थात कागदोपत्री, देशाबाहेर मी पाऊल टाकलेले नाही. तिथल्या एका विद्यापीठाची पहिली पन्नास वर्षे, म्हणजे १८७६ ते १९२६, हा या लेखाचा विषय. त्यातही एका बाईची चव्वेचाळीस वर्षे.

पदवी जुनी, वेतन नवे

पीएच.डी. म्हणजे 'डॉक्टर ऑफ फिलॉसॉफी'. रसायनशास्त्रात संशोधन करणाऱ्यालाही आपण तत्त्वज्ञानाचा डॉक्टर का म्हणतो, याचे उत्तर जर्मन विद्यापीठांच्या रचनेत आहे. धर्मशास्त्र, कायदा आणि वैद्यक या तीन विद्याशाखा माणसाला व्यवसायासाठी तयार करीत. त्यांत न बसणारे सगळे ज्ञान तत्त्वज्ञानाच्या चौथ्या विद्याशाखेत जमा होई. १८१० साली बर्लिनचे विद्यापीठ सुरू झाले आणि विद्यापीठाचे काम केवळ शिकवणे नसून नवे ज्ञान निर्माण करणे हे आहे, हा विचार तिथून पसरला. पुढे जगभर पीएच.डी. म्हणून जी पदवी गेली, तिचे बळ या विचारात आहे.

पण जर्मन पद्धतीत विचार करणाऱ्या तरुणाला कोणी पोसत नसे. उदाहरण कांटचेच घ्यावे. विद्यापीठातून बाहेर पडल्यावर काही वर्षे तो सधन कुटुंबांत घरगुती शिक्षक होता. १७५५ ते १७७० ही पंधरा वर्षे तो कोनिग्सबर्गच्या विद्यापीठात खासगी व्याख्याता होता. म्हणजे वर्ग घेण्याची परवानगी विद्यापीठाची, पण त्याबद्दल पगार नाही. ऐकायला येणारे विद्यार्थी जी फी देतील तीच कमाई. प्राध्यापकपद मिळाले तेव्हा तो पंचेचाळीस वर्षांचा होता.

अमेरिकेत पहिल्या तीन पीएच.डी. पदव्या येल इथे १८६१ साली दिल्या गेल्या. तरीही त्यानंतर बरीच वर्षे गंभीर अभ्यास करू पाहणारा अमेरिकन तरुण बोटीने जर्मनीला जाई. त्यासाठी वडिलांकडे पैसा लागे. ज्याच्याकडे तो नाही, त्याच्यासाठी शाळामास्तरकी होती. हे बदलले बाल्टिमोरमध्ये.

रेल्वेचे शेअर

जॉन्स हॉपकिन्स हा बाल्टिमोरचा अविवाहित क्वेकर व्यापारी. पहिले नाव 'जॉन्स' असे विचित्र का, तर ते त्याच्या पणजीचे माहेरचे आडनाव. १८७३च्या डिसेंबरात तो वारला आणि त्याच्या मृत्युपत्रातून सत्तर लाख डॉलर बाहेर आले, निम्मे विद्यापीठासाठी आणि निम्मे रुग्णालयासाठी. अमेरिकेत तोपर्यंत एवढी मोठी देणगी कोणी दिली नव्हती. विद्यापीठाच्या वाट्याला आलेली रक्कम मुख्यतः बाल्टिमोर अँड ओहायो या रेल्वे कंपनीच्या शेअरच्या रूपात होती. हॉपकिन्स गुलामगिरीचा विरोधक होता, असे त्याच्याबद्दल पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाई. २०२० साली विद्यापीठानेच जाहीर केले, की १८४० आणि १८५०च्या जनगणनेच्या नोंदींत त्याच्या घरी गुलाम माणसे दिसतात. दानाचे पैसे धुऊन घेता येत नाहीत. ते कुठून आले याची नोंद कुठे ना कुठे राहतेच.

विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष डॅनियल कॉइट गिलमन. इमारतींवर पैसा ओतण्याऐवजी तो माणसांवर खर्च करायचा, असे त्यांनी ठरवले. त्यांच्या योजनेतला सर्वांत नवा भाग म्हणजे फेलोशिप. वर्षाला पाचशे डॉलर. आधी अशा दहाच द्यायचे ठरले होते, पण शंभराहून अधिक अर्ज आले, तेव्हा संख्या वीस केली. अट अशी, की फेलोने आपला वेळ अभ्यासाला द्यावा. विद्यापीठात थोडेफार शिकवले तर चालेल, बाहेर कुठे शिकवू नये. वर्ष संपले की पुन्हा विचार व्हायचा.

पाचशे डॉलर म्हणजे किती? पुढे ज्याचे नाव येणार आहे तो जॉन ड्यूई पदवीनंतर पेनसिल्व्हेनियातल्या ऑइल सिटी गावी शाळेत शिकवू लागला, तेव्हा त्याला महिन्याला चाळीस डॉलर मिळत. म्हणजे फेलोशिप ही साधारण एका शाळामास्तराच्या वर्षभराच्या पगाराएवढी होती. फरक इतकाच, की त्यासाठी शाळेत जावे लागत नव्हते. फेलोशिपने विकत घेतला तो वेळ.

हा वेळ कोणाच्या घामातून आला, हेही त्या पहिल्याच वर्षी दिसले. १८७७च्या जुलैत बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेने कामगारांचे वेतन दहा टक्क्यांनी कापले. संप पेटला आणि देशभर पसरला. २० जुलैला बाल्टिमोरच्या रस्त्यांवर सैनिकांनी जमावावर गोळीबार केला. किमान दहा माणसे मेली. या रेल्वेचे अध्यक्ष जॉन गॅरेट हे विद्यापीठाच्या विश्वस्तांपैकी एक होते. पहिल्या वर्षाचे फेलो तेव्हा त्याच शहरातले होते आणि त्यांचे पाचशे डॉलर त्याच रेल्वेच्या लाभांशातून येत होते. हे सांगण्यात त्या तरुणांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा हेतू नाही. पण शिष्यवृत्ती आकाशातून पडत नाही, एवढे पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवावे.

दोन तरुण

पहिल्या वीस जणांत जोसाया रॉइस होता. कॅलिफोर्नियातल्या ग्रास व्हॅली या खाणकामगारांच्या वस्तीत १८५५ साली जन्मलेला, आईने घरी शिकवलेला हा मुलगा. बर्कलीला तो पदवीधर झाला. काही स्थानिक व्यापाऱ्यांनी पैसे जमवून त्याला वर्षभर जर्मनीला पाठवले. तिथून परतल्यावर त्याला बाल्टिमोरची फेलोशिप मिळाली. १८७८ साली या विद्यापीठाने पहिल्या चार पीएच.डी. दिल्या, त्यांत एक त्याची. लगेच नोकरी मात्र मिळाली ती बर्कलीला, इंग्रजी निबंधलेखन शिकवण्याची. तिथून त्याने विल्यम जेम्सला पत्रात कळवले, की सबंध कॅलिफोर्नियात तत्त्वज्ञान म्हणून काही नाही. चार वर्षांनी जेम्स रजेवर गेला, तेव्हा त्याच्या जागी रॉइसला हार्वर्डला तात्पुरते बोलावले आणि मग तो तिथलाच झाला. निधी, पदवी, थोडी वणवण, अखेर स्थैर्य. या व्यवस्थेने ज्याला सरळ रस्ता दाखवला, असा हा माणूस.

दुसरा ड्यूई. व्हर्माँटमधल्या बर्लिंग्टनच्या दुकानदाराचा मुलगा. दोन वर्षे ऑइल सिटीला आणि पुढे काही महिने घराजवळच्या खेड्यात शिकवताना त्याने तत्त्वज्ञानावर एक लेख लिहून तेव्हाच्या एका नियतकालिकाकडे पाठवला आणि सोबत विचारले, की या विषयाला आयुष्य देण्याइतकी पात्रता माझ्यात दिसते का? संपादकांनी लेख छापला. त्या बळावर त्याने बाल्टिमोरच्या फेलोशिपसाठी अर्ज केला. नाकारला गेला. मग नात्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईकडून त्याने पाचशे डॉलर उसने घेतले आणि १८८२च्या सप्टेंबरात तो विद्यापीठात दाखल झाला. रक्कम तीच, पाचशे. एकाला संस्थेने दिली, दुसऱ्याला घरातल्या बाईने. गिलमन यांनी त्याला तत्त्वज्ञानापेक्षा दुसरा विषय घेण्याचा सल्ला दिला होता, तो त्याने मानला नाही. दुसऱ्या वर्षी फेलोशिप मिळाली आणि १८८४ साली कांटच्या मानसशास्त्रावर पदवी. तो प्रबंध पुढे हरवला. आज त्याची प्रत उपलब्ध नाही. मिशिगनला नऊशे डॉलर पगारावर नोकरी लागली.

या दोघांच्या मधल्या काळात याच विद्यापीठात, याच रकमेवर, तिसरी एक व्यक्ती शिकून गेली होती. तिचे नाव फेलोंच्या छापील यादीत सापडत नाही.

यादीत नसलेले नाव

क्रिस्टीन लॅडचा जन्म १८४७चा, कनेक्टिकटमधला. ती बारा वर्षांची असताना आई गेली आणि मुलगी आजीकडे आली. मुलींसाठी नुकतेच व्हॅसर कॉलेज निघाले होते. तिला तिथे जायचे होते. आजीच्या मते लग्नाचे वय तिकडे वाया गेले असते. नातीने आजीला हिशेब मांडून दाखवला: आपल्या भागात पुरुषांपेक्षा बायका जास्त आहेत, मी काही रूपवान नाही, तेव्हा नवरा मिळण्याचा संभव कमी, म्हणून पोट भरण्याची विद्या हवी. तर्कशास्त्रज्ञ म्हणून तिचे हे पहिले काम म्हणायला हरकत नाही. आजीने मान्य केले. मावशीने पैसे दिले. मध्ये पैसे संपले तेव्हा कॉलेज सोडून शिकवावे लागले, पुन्हा मावशीच्या मदतीने परत येऊन १८६९ साली ती पदवीधर झाली. तिला भौतिकशास्त्र हवे होते, पण बाईला प्रयोगशाळेत जागा कोण देणार? गणिताला कागद-पेन्सिल पुरते, म्हणून गणित.

पुढची जवळजवळ नऊ वर्षे तिने शाळांत शिकवले. फावल्या वेळात लंडनच्या 'एज्युकेशनल टाइम्स'मध्ये गणिती प्रश्न आणि उत्तरे पाठवली. या सवयीशी माझे जवळचे नाते आहे. दिवसभर दुसऱ्याचे काम करून रात्री आपले काम करणाऱ्या माणसाला, दूर कुठेतरी आपले नाव छापलेले दिसावे एवढीच हौस उरते. तिच्या बाबतीत मात्र त्या छापील नावाने दार उघडले. १८७८ साली तिने बाल्टिमोरला अर्ज केला. विद्यापीठ फक्त पुरुषांसाठी होते. पण गणिताचे प्राध्यापक जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टर यांनी अर्जावरचे नाव ओळखले. 'एज्युकेशनल टाइम्स'चे तेही लेखक. तिला घ्यावे असा त्यांनी आग्रह धरला.

सिल्व्हेस्टर यांनीच तो का धरला असावा, याला एक पार्श्वभूमी आहे. ते ज्यू होते. १८३७ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत ते दुसरे आले. पण तिथे पदवी घेण्यासाठी इंग्लंडच्या चर्चच्या धर्मकलमांवर सही करावी लागे. त्यांनी ती केली नाही, म्हणून केंब्रिजने पदवी दिली नाही. धर्माची अट कायद्याने उठल्यावर १८७२ साली ती मिळाली. पस्तीस वर्षांनी! परीक्षा उत्तीर्ण होऊनही पदवीवाचून राहणे म्हणजे काय, हे माहीत असलेला माणूस त्या दिवशी विद्यापीठात होता.

विश्वस्तांनी वाट काढली. लॅडने फक्त सिल्व्हेस्टर यांच्या वर्गांना बसावे, तिचे नाव विद्यार्थ्यांच्या यादीत छापू नये, पायंडा पडू नये. वर्षभरात तिचे काम इतके सरस ठरले, की इतर वर्गही खुले झाले. १८७९पासून तीन वर्षे तिला फेलोशिपची रक्कमही दिली गेली. रक्कम दिली, 'फेलो' हा किताब नाही.

विसंगत त्रिकूट

खुल्या झालेल्या वर्गांत एक होता चार्ल्स सँडर्स पर्स यांचा तर्कशास्त्राचा. पर्स हे त्या काळातले अमेरिकेतले सर्वांत प्रखर डोके, पण विद्यापीठात त्यांची नेमणूक केवळ अर्धवेळ व्याख्याता म्हणून होती. मुख्य नोकरी सरकारी सागरकिनारा सर्वेक्षणात. त्यांच्या विद्यार्थ्यांचे काम १८८३ साली एका पुस्तकात एकत्र निघाले. त्यात लॅडचा प्रबंध होता, तर्काच्या बीजगणितावर.

त्याचा गाभा साध्या उदाहरणाने सांगता येतो. ही तीन विधाने घेऊ: सगळे विणकर साक्षर आहेत. या गावातले काही लोक विणकर आहेत. या गावातला एकही माणूस साक्षर नाही. तिन्ही एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. यातली कोणतीही दोन खरी धरली, की तिसरे खोटे ठरते. पहिले दोन घ्या, तर गावात काही साक्षर निघतात. पहिले आणि तिसरे घ्या, तर गावात विणकर उरत नाही. दुसरे आणि तिसरे घ्या, तर काही विणकर निरक्षर ठरतात. म्हणजे एका विसंगत त्रिकुटातून तीन अनुमाने निघतात. ॲरिस्टॉटलपासून दोन हजार वर्षे विद्यार्थी अनुमानांचे वैध आकार पाठ करीत आले होते. लॅडने दाखवले, की ते सगळे या एकाच कसोटीत बसतात: आधारविधाने आणि निष्कर्षाचा नकार एकत्र नांदू शकत नसतील, तर अनुमान वैध. रॉइस पुढे हार्वर्डला आपल्या विद्यार्थ्यांपुढे या शोधाची मोठी वाखाणणी करीत असे.

१८८२ साली पीएच.डी.च्या सगळ्या अटी तिने पुऱ्या केल्या. विद्यापीठाने पदवी दिली नाही. बाईला पदवी देत नाहीत, एवढेच कारण.

आता तिच्याच पद्धतीने विद्यापीठाची तीन विधाने मांडून पाहू. जो अटी पुऱ्या करील त्याला पदवी मिळेल. लॅडने अटी पुऱ्या केल्या. लॅडला पदवी मिळणार नाही. विद्यापीठाने ही तिन्ही विधाने एकाच वेळी धरून ठेवली, आणि तर्कशास्त्र शिकवणेही चालू ठेवले. चव्वेचाळीस वर्षे.

मला यात सर्वांत विचार करायला लावते ती तीन वर्षांची रक्कम. तिला हाकलले असते तर गोष्ट सरळ होती. पण विद्यापीठाने तिला वर्षाला पाचशे डॉलर दिले. तिची बुद्धी मान्य केली, तिचा वेळ विकत घेतला, तिच्या कामाने विद्यापीठाची कीर्ती वाढली. देणाऱ्याला वाटले, पैसे दिले म्हणजे देणे फिटले. मदत करणे आणि मान्यता देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मदत करणाऱ्याला बहुधा पहिलीच पुरेशी वाटते.

तिच्याभोवतीची माणसे

लॅड एकटी नव्हती. विद्यापीठाच्या एका विश्वस्ताची मुलगी मार्था कॅरी टॉमस हिला वर्गात बसू दिले नाही. ती निघून गेली आणि १८८२ साली झुरिकहून सर्वोच्च श्रेणीत डॉक्टर झाली. १८९३ साली फ्लोरेन्स बॅसकम हिला भूशास्त्रात बाल्टिमोरची पीएच.डी. मिळाली, पण वर्गात पुरुषांचे लक्ष विचलित होऊ नये म्हणून तिला पडद्याआड बसावे लागले होते. केली मिलर हा विद्यापीठातला पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी. त्याने १८८७ ते १८८९ गणित, भौतिकशास्त्र आणि खगोलशास्त्राचा अभ्यास केला. त्याच सुमारास रेल्वेने लाभांश थांबवला, विद्यापीठाची तिजोरी आटली आणि शिक्षणशुल्क वाढले. मिलरला शिक्षण सोडावे लागले. निधी आटतो तेव्हा कडेला उभा असलेला माणूस आधी पडतो.

आणि पर्स? खासगी आयुष्याबद्दल कुजबुज झाली आणि १८८४ साली त्यांची नेमणूक पुढे चालू ठेवली गेली नाही. पुन्हा त्यांना कुठल्याच विद्यापीठात जागा मिळाली नाही. १९०२ साली तर्कशास्त्रावरचे मोठे काम पुरे करण्यासाठी त्यांनी कार्नेगी संस्थेकडे निधी मागितला. तो मिळाला नाही. तेव्हा त्या संस्थेचे अध्यक्ष होते गिलमन. १९१४ साली पेनसिल्व्हेनियातल्या खेड्यात पर्स दारिद्र्यात वारले. विचाराला वेतन देण्याची नवी व्यवस्था ज्या विद्यापीठात उभी राहिली, तिथला सर्वांत मोठा विचारवंत त्या व्यवस्थेत मावला नाही.

लॅडने १८८२ सालीच फेबियन फ्रँकलिन या त्याच विद्यापीठातल्या गणितज्ञाशी लग्न केले. नवऱ्याला तिथे नोकरी होती, तिला असण्याचा प्रश्नच नव्हता. १८९१-९२ साली ती जर्मनीला गेली. गॉटिंगेनला प्राध्यापक म्यूलर यांच्या वर्गात बाईला बसता येत नव्हते, तेव्हा त्यांनी तीच व्याख्याने तिच्यासाठी वेगळी दिली. मग बर्लिनला हेल्महोल्ट्झ यांच्या प्रयोगशाळेत तिने काम केले. डोळ्याला रंग कसे दिसतात याची उत्क्रांतीवर आधारलेली तिची उपपत्ती १८९२ साली लंडनच्या परिषदेत मांडली गेली आणि पुढे अनेक वर्षे पाठ्यपुस्तकांत राहिली. १९०४ ते १९०९ तिला बाल्टिमोरला एखादा वर्ग घेऊ दिला जाई. कायमची नेमणूक तिला कोणत्याच विद्यापीठाने कधी दिली नाही.

स्वतःला पदवी नसलेल्या या बाईने याच काळात दुसऱ्यांसाठी निधी उभा केला. ग्रामोफोनचा शोधक एमिल बर्लिनर याला तिने पटवले आणि त्याच्या आईच्या, सारा बर्लिनरच्या, नावाने स्त्री संशोधकांसाठी फेलोशिप सुरू झाली. या फेलोशिपच्या स्त्रियांची नावे यादीत छापली जात.

एक आवार, तीन हिशेब

१९१० साली फ्रँकलिन कुटुंब न्यूयॉर्कला आले आणि १९१४-१५पासून लॅड-फ्रँकलिन कोलंबिया विद्यापीठात अर्धवेळ व्याख्याने देऊ लागल्या. इथे ही गोष्ट आपल्याजवळ येते.

त्या आवारात तेव्हा ड्यूई प्राध्यापक होता, उसन्या पाचशे डॉलरवर शिकायला निघालेला. लॅड-फ्रँकलिन होत्या, पैसे मिळून पदवी न मिळालेल्या. आणि १९१३च्या जुलैपासून तिथे मुंबईहून आलेला बावीस वर्षांचा विद्यार्थी होता, भीमराव रामजी आंबेडकर. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती, दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी करण्याचा करार. विषय अर्थशास्त्र, पण ड्यूईच्या वर्गांना ते बसत आणि त्या विचारांचा ठसा त्यांच्या लेखनात शेवटपर्यंत दिसतो. या विद्यार्थ्याची आणि लॅड-फ्रँकलिन यांची कधी भेट झाली, असे मला म्हणायचे नाही. म्हणायचे ते इतकेच, की विद्येच्या वेतनाचे तीन वेगवेगळे हिशेब तेव्हा एकाच आवारात वावरत होते.

बडोद्याच्या पैशाने आंबेडकरांना अमेरिकेत वेळ मिळाला, दिवसाचे कित्येक तास ग्रंथालयात बसण्याचा. १९१७ साली करार पाळण्यासाठी ते बडोद्याला गेले. ज्या संस्थानाने त्यांच्या बुद्धीवर पैसा लावला, त्या संस्थानाच्या राजधानीत त्यांना भाड्याने खोली मिळाली नाही. पारशांच्या धर्मशाळेतून लाठ्या घेऊन आलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढले. सयाजीराव महाराजांची नियत इथे प्रश्नात नाही. प्रबंध पुस्तकरूपाने निघाला तेव्हा आंबेडकरांनी तो कृतज्ञतेने त्यांनाच अर्पण केला. पण पैसा माणसाला वर्गापर्यंत नेतो आणि शहरातल्या खोलीपर्यंत नेत नाही, हे बाल्टिमोरसारखेच बडोद्यालाही दिसले.

कोलंबियाचा तेव्हाचा नियम असा होता, की प्रबंध छापून प्रती दिल्याशिवाय पीएच.डी. मिळत नसे. छपाईला पुन्हा पैसे. ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरचे ते पुस्तक लंडनला १९२५ साली छापले गेले आणि पदवीवर तारीख पडली ८ जून १९२७.

येणे

त्याच्या आदल्याच वर्षी बाल्टिमोरचे विद्यापीठ पन्नास वर्षांचे झाले. समारंभ ठरला २२ फेब्रुवारी १९२६. विद्यापीठाने लॅड-फ्रँकलिन यांना सन्माननीय पदवी देऊ केली. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईने ती आनंदाने घेतली असती तर कोणी नावे ठेवली नसती. त्यांनी कळवले, की सन्मान नको. मी १८८२ साली मिळवलेली पीएच.डी. द्या.

हा फरक मला फार मोलाचा वाटतो. सन्मान देणाऱ्याच्या मर्जीवर असतो. येणे हे येणे असते. उधारीच्या वहीत पान कितीही जुने झाले तरी आकडा पुसला जात नाही. त्यांनी विद्यापीठाला उदार होण्याची संधी दिली नाही, फक्त हिशेब पुरा करायला सांगितले. विद्यापीठाने तो केला. त्या स्वतः समारंभाला गेल्या आणि चव्वेचाळीस वर्षांपूर्वीची पदवी घेऊन परतल्या. तीन वर्षांनी त्यांचे रंगविषयक लेखांचे पुस्तक आले. १९३०च्या मार्चमध्ये त्या वारल्या.

आज आपल्याकडेही तत्त्वज्ञानात पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींना फेलोशिपा आहेत. त्या वेळेवर येतात का, पुरतात का, पुढे नोकरी लागते का, यावर बोलले जाते आणि ते बोललेच पाहिजे. त्या असाव्यात, वाढाव्यात. ज्याच्या मावशीकडे पैसे नाहीत त्याच्यासाठी दुसरा रस्ता नाही. पण बाल्टिमोरच्या दप्तरातून आणखी एक प्रश्न मी घेऊन आलो आहे. पैसे देताना आपण त्या माणसाचे नाव यादीत छापतो का?

ज्या काउंटरवरून मला परत पाठवले होते, तिथे मी सहा महिन्यांनी पुन्हा गेलो. ओळखीच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी पत्र दिले होते, माझे काम न वाचताच. दप्तर मिळाले. हवी होती ती नोंदही सापडली. अर्जावरच्या 'संस्था' या रकान्यात तेव्हाही मी रेघच मारली होती. या वेळी ती कोणी पाहिली नाही.